जहाजाच्या वेळेवर लागलेले लग्न

वऱ्हाडातून परतल्यापासून पुण्यात मला जो भेटतो तो एकच गोष्ट विचारतो: तिकडे खरोखर पैशाचा पूर आला आहे का? आला आहे. अमेरिकेत भाऊबंद आपसात लढू लागले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि काळ्या जमिनीतले आपले पांढरे बोंड एकाएकी सोन्याच्या मोलाचे झाले. परंतु पैसा आला म्हणजे माणसे काय करतात हे पाहायचे असेल तर त्यांच्या शेताकडे पाहू नये, त्यांच्या घड्याळाकडे पाहावे. मी घड्याळांचाच धंदा करतो, त्यामुळे मला दुसरीकडे पाहण्याची सवयही नाही.

बुधवार पेठेत माझे लहानसे दुकान आहे. मागच्या दिवाळीत वलगावचे सखाराम पाटील पुण्यास आले असता दुकानात येऊन बसले. त्यांच्या मुलीचे, रखमेचे, लग्न अकोल्याच्या आबाजी देशमुखांच्या मुलाशी ठरले होते. माघात लग्न होते, आणि जावयास द्यायला घड्याळ हवे होते.

पाटील म्हणाले, "चांगली घडी पायजे. निवड तुमी करा. मले त्यातलं काही कळत नाही. अन् लग्नाले तुमीच घेऊन या, हात जोडून सांगतो."

निवड तुम्ही करा, असे कोणी म्हटले की मी विरघळतो. मी माझ्या पेटीतले सर्वांत देखणे घड्याळ काढले: चांदीचे, पातळ, रुपयापेक्षा थोडेसेच जाड, आत एका म्हाताऱ्या विलायती कारागिराचे बारीक अक्षरातले नाव, आणि झाकणावर काहीही नाही. चित्र नाही, वेलबुट्टी नाही. त्याचा आवाज ऐकायला श्वास रोखावा लागतो. असे घड्याळ ज्याला आवडते त्याला घड्याळातले कळते, असे माझे मत आहे, आणि ते मी न विचारताही सांगतो.

अकोला

आगगाडी जिथवर पोचली होती तिथवरचा प्रवास सुखाचा झाला. पुढच्या बैलगाडीबद्दल माझ्या पाठीलाच विचारा. पाटलांचे सांगणे होते की अकोल्यास देशमुखांकडे उतरावे आणि वऱ्हाडी मंडळींबरोबरच वलगावास यावे. त्याप्रमाणे मी अकोल्यात उतरलो.

मोर्णा नदीच्या काठाने गावात शिरताना कापसाच्या गाड्यांची इतकी दाटी होती की आमच्या गाडीवानाने बैल सोडले आणि तो आडवा होऊन झोपलाच. रस्त्यावर, काटेरी झुडपांवर, माणसांच्या मुंडाशांवर, सगळीकडे कापूस चिकटलेला. मी उतरून पायी निघालो तर माझ्या लक्षात आले की समोरून येणाऱ्या प्रत्येक बऱ्या माणसाच्या छातीवर काहीतरी चमकते आहे. आपल्याकडे घड्याळ खिशात ठेवतात. तिकडे ते बाराबंदीच्या वरून, छातीच्या मधोमध लोंबत असते. एकाने उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी दोन लावली होती. मी त्याला वेळ विचारली. त्याने दोन्हींकडे पाहिले आणि म्हणाला, "देशमुखायले विचारा."

देशमुखांच्या वाड्यावर स्वागत मात्र मनापासून झाले. पाय धुवायला ऊन पाणी, मग गव्हाचे रोडगे, वांग्याची भाजी आणि त्यावर एवढे तूप की भाजी दिसेना. पुण्यात आम्ही पाहुण्याला वाढताना तुपाची वाटी हातात धरून ठेवतो. इथे वाटीच ताटात ठेवतात. मिरचीच्या ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा आबाजी देशमुख समाधानाने हसले. गृहस्थ धिप्पाड, मिशा भरघोस, आवाज मोठा. जेवण उरकताच ते म्हणाले, "तुमी घडीवाले. चला, तुमाले आमच्या घड्या दाखवतो."

लाल मखमलीच्या गाद्यांवर घड्याळे निजवली होती. त्यांची ओळख करून देताना देशमुख कारागिराचे नाव घेत नव्हते, यंत्राबद्दल बोलत नव्हते. "हा मोर. हा हत्ती. ही दोन तलवारी." झाकणावरचे चित्र हेच तिकडे घड्याळाचे गोत्र. चित्रावरून त्यांची उतरंड लागलेली आहे: तलवारी हत्तीच्या खाली, हत्ती मोराच्या खाली, आणि सगळ्यांच्या वर जहाज. सगळी घड्याळे बंद होती.

मी विचारले, "ही चालत नाहीत काय?"

"चालवली तं झिजतीन नाही का," ते म्हणाले. "दागिना रोज घालून झोपते का कोनी?"

जे एक चालू होते ते त्यांच्या छातीवर होते. जहाज. मुंबईहून एका दलालाने आणून दिलेले. त्याची टिकटिक ओसरीपर्यंत ऐकू येत होती; उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तसे. ते त्यांनी माझ्या हातात दिले नाही, नुसते डोळ्यांसमोर धरले. मी भिंग लावून झाकण पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. खऱ्या जहाज-छापाच्या घड्याळावर शिडे एका बाजूला फुगलेली असतात आणि वरचे निशाणही त्याच बाजूला फडकते, कारण वारा एकच असतो. इथे शिडे पूर्वेला चालली होती आणि निशाण पश्चिमेला. मुंबईच्या कुठल्याशा गल्लीत, जहाज लांबूनच पाहिलेल्या कोणीतरी ते कोरले होते. आतले यंत्र कसले असेल ते आवाजावरूनच कळत होते.

त्याची तब्येत राखण्याची तऱ्हा तर आणखी नवलाची. देवपूजा झाल्यावर देशमुख त्याला चावी देत, पण अर्धीच. पूर्ण दिली तर जीव गुदमरतो म्हणे. अमावास्येला घड्याळ अजिबात बंद ठेवायचे. प्रतिपदेला सूर्य डोक्यावर आला की बारा लावून पुन्हा सुरू करायचे. मग महिनाभर ते बिचारे रोज थोडे थोडे मागे पडत जाई.

संध्याकाळी बैठक भरली तेव्हा मला दोन घड्याळांच्या त्या गृहस्थाचे उत्तर उमगले. पानाचा विडा जसा मानाप्रमाणे द्यायचा तशी तिकडे वेळही मानाप्रमाणे सांगतात. किती वाजले असे कोणी म्हटले की तलवारवाले, हत्तीवाले, मोरवाले सारे गप्प. जहाजवाला आधी बोलणार. देशमुखांनी वेळ सांगितली की मोर आपले काटे त्याप्रमाणे फिरवतो, मोराचे पाहून हत्ती, हत्तीचे पाहून तलवार. असे सारे गाव खाली खाली सरकत जाते. तेवढ्यात सरकारी कचेरीची घंटा वाजली आणि तिने या सगळ्यांना खोटे पाडले. मी सहज म्हणालो, "कचेरीची वेळ निराळी दिसते."

देशमुखांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिले. "ते घंटेवर चालतात, साहेब. घंटेले कोठं छाप असते?"

सगळे हसले. मग पान लावता लावता ते म्हणाले, "पाटलानं जावयाले जहाजच आनलं असन, नाही का? आमी देशमुख. कुनब्याच्या घरची पोर करून रायलो, तं लोक पहिलं पाहतीन का दिलं काय. जहाज नसन तं मांडवात मान खाली जाईन. मान खाली घालून आमी लगन लावत नसतो बावा."

माझ्या पिशवीत ते मुके, बिनचित्राचे घड्याळ होते. मी पान चावत राहिलो.

वाटेवर

वऱ्हाडी मंडळींच्या गाड्या मूर्तिजापुराकडे निघाल्या तेव्हा माझी झोप उडालेली होती. पाटलाने निवड माझ्यावर सोडली आणि मी माझ्या रसिकतेचे प्रदर्शन केले. आता त्या रसिकतेपायी एका पोरीचे लग्न मोडणार. आमच्याकडे मांडवातून वरात परत गेली तर लोक चार दिवस बोलतात. तिकडे तर ते त्या पोरीच्या नावाला जन्मभर चिकटते, आणि तिला मागणी घालायला बिजवराशिवाय कोणी येत नाही. देशमुखांचे जहाज खोटे आहे हे मला ठाऊक होते. पण ते सांगितले असते तर लग्न मांडवापर्यंतही पोचले नसते.

एवढे असूनही वाटेवर मी हावरटासारखे खाल्ले, हे लपवत नाही. शेताच्या कडेला गाड्या थांबल्या, कोवळ्या ज्वारीचा हुरडा भाजला गेला, त्याबरोबर जवसाची चटणी. डोळे पोचतील तिथवर काळी माती आणि तिच्यावर कापूस वेचून उरलेल्या वाळक्या काटक्या, पराट्या. डोंगर म्हणून नाही. आम्हा घाटावरच्या लोकांना क्षितिजावर काहीतरी अडवणारे लागते. इथे नजर नुसती जातच राहते आणि शेवटी आपणच तिला परत बोलावतो. ज्यांनी आयुष्यात पूर्णेखेरीज मोठे पाणी पाहिले नाही त्यांना जहाजाचे इतके वेड का, हे मी हुरडा चोळत देशमुखांना विचारले. "जहाज पाहिलंत कधी?"

"काहून पाहाव?" ते म्हणाले. "कापूस त्याच्यातच जाते ना. तेवढं पुरे."

मला ते उत्तर, खरे सांगायचे तर, आवडले.

अमरावतीला, तिकडे उमरावती म्हणतात, एक रात्र मुक्काम झाला. तिथल्या कापसाच्या अडतीत आणखी मोर आणि हत्ती भेटले. देशमुखांचे जहाज आल्याचे कळताच चारदोन माणसे आपले काटे लावून घ्यायला मुक्कामावर आली. देशमुखांनी देवळातल्या पुजाऱ्याने तीर्थ द्यावे तशी त्यांना वेळ दिली. इथवर येईतो ते घड्याळ सूर्यापेक्षा तासाहून अधिक मागे होते. महिना सरत आला होता.

वलगाव

वलगावच्या वेशीवर पाटील सहकुटुंब उभे होते. सीमांतपूजन झाले, नवऱ्या मुलाला पोशाख दिला, आणि पाटलांनी माझ्याकडे पाहिले. मी ते घड्याळ काढून ताटात ठेवले. ताटात ते फार एकटे दिसत होते.

देशमुखांनी उचलले. झाकण पाहिले. उलटे केले, पाठ पाहिली. कानाला लावले.

"जहाज कोठी हाये?"

पाटील माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "याला छाप नाही. पण असे घड्याळ अकोल्यात दुसरे नाही. फार मोठ्या कारागिराच्या हातचे आहे."

"याचा आवाजबी येत नाही," देशमुख म्हणाले. त्यांनी ते पाहुण्यांकडे फिरवले. प्रत्येकाने कानाला लावून मान हलवली. एक मोरवाला म्हणाला, "बिमार दिसते." दुसरा म्हणाला, "मेलं असन वाटेत."

पाटलांचा चेहरा उतरला. माणूस मानी; त्याने माझ्यावर एक शब्दही टाकला नाही. डोक्यावरचे मुंडासे सारखे करीत म्हणाला, "देशमुख, चूक झाली असन तं माही. पोरीची नाही."

देशमुखांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. वाईट मनुष्य नव्हे तो, हे मी आजही म्हणेन. पण त्याच्यामागे सारा मोरांचा आणि हत्तींचा कळप उभा होता, आणि कळपाच्या पुढच्या बैलाला मागे वळता येत नाही. अखेर ते म्हणाले, "घरात येतो. पन एक सांगून ठेवतो. लगन लागन तं जहाजाच्या वेळेवर. या मुक्या डबीवर नाही, अन् कोन्या जोशीबुवाच्या वाटीवर नाही."

पाटलांनी मान डोलावली. यात काय बिघडणार होते? लग्न गोरज मुहूर्तावर होते. सूर्य मावळतीला आला, गाई रानातून परतल्या, त्यांच्या खुरांची धूळ उडाली की लग्न लावायचे. आजवर या गावात कोणाला त्यासाठी घड्याळ लागले नव्हते. पाण्यात सोडून वेळ मोजायची ती वाटी, घटिकापात्र, तीही जोशीबुवांनी पालथी घालून तिच्यावर सुपारीचा डबा ठेवला होता.

मांडवात सगळी जमवाजमव झाली. ऊन पिवळे पडले. लांबून गाईंच्या घंटा ऐकू येऊ लागल्या, तशी बायकांनी अक्षता वाटायला घेतल्या. जोशीबुवा अंतरपाट उचलून उभे राहिले.

"थांबा," देशमुख म्हणाले. त्यांनी छातीवरचे जहाज पाहिले. "गोरज व्हाले टाइम हाये अजून. चांगला तासभर."

जोशीबुवा म्हणाले, "अहो, गाई आल्या."

"गाई लवकर आल्या," देशमुख म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ प्रकारचा मूर्खपणा पाहिला आहे, पुण्यात राहतो. पण पुढे जे झाले त्याला तोड नाही. दोघेतिघे गडी काठ्या घेऊन धावले आणि त्यांनी गाई नाल्याच्या पलीकडे अडवून धरल्या. का, तर मुहूर्त येईपर्यंत धूळ उडू नये. गाई हंबरू लागल्या. इकडे गोठ्यात वासरे ऊर फुटेस्तोवर ओरडू लागली. अकोल्याचे मोर आणि हत्ती आपापल्या छातीकडे पाहून एकमेकांना सांगत होते की खरेच वेळ आहे. सगळ्यांनी काटे जहाजावरूनच लावले होते, तेव्हा सगळ्यांचे एकमत होते.

पाटलीणबाई कंबरेला पदर खोचून दारात आल्या. "त्यायले म्हना, गाईच्या थानाले बी छाप मारून द्या. मंग कळन तिले कवा पान्हा सोडाव तं."

कोणी हसले नाही. सूर्य बाभळींच्या टोकांवर टेकला होता. जोशीबुवा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "हा गेला की गोरज गेला. पुढचा मुहूर्त थेट वैशाखात. तोवर देशमुख थांबतात होय?" पाटील मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. ओसरीमागच्या खोलीत, दार अर्धे उघडे, रखमा पिवळे नेसून गौरीहरापुढे बसली होती. ती रडत नव्हती. दारातून दिसणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याकडे ती एकटक पाहत होती, आणि तो पट्टा उंबऱ्यावरून सरकत निघाला होता. त्या पोरीकडे पाहून मला माझ्या रसिकतेची शिसारी आली आणि देशमुखांच्या जहाजाचीही.

मी देशमुखांजवळ गेलो आणि कमरेत वाकलो. पुणेकराला खोटे नम्र होता येत नाही असे कोण म्हणतो?

"देशमुखसाहेब, एवढा मोठा मुहूर्त जहाजावर लागणार, आणि जहाज तर वाटेच्या धुळीने काळवंडले आहे. लोक बघतात. आमच्या पुण्यात रिवाज आहे, नामांकित घड्याळावर लग्न लागायचे असेल तर आधी घड्याळजीने ते पुसून त्याला नमस्कार करायचा."

असा रिवाज पुण्यात नाही. पण रिवाजाचे नाव घेतल्यावर आपल्या देशात कोण नाही म्हणतो? ते फुलले. साखळी सोडून त्यांनी प्रथमच जहाज माझ्या तळहातावर ठेवले. ताटातल्या मुक्या घड्याळाची वेळ मी मनात धरली आणि ओसरीच्या दाराकडे तोंड आणि मांडवाकडे पाठ केली. खिशातल्या जुडग्यातली एक चावी बसली नाही, दुसरी बसली. काच उघडून काटे पुढे ढकलले, काच मिटली, उपरण्याने झाकण पुसले, कपाळाला लावले आणि परत दिले.

देशमुखांनी पाहिले आणि ताठ झाले. "झाली वेळ," ते गरजले. "सोडा गाई."

अडवून धरलेल्या गाई सुटल्या त्या चालत आल्या नाहीत, धावत आल्या. एवढी धूळ वलगावात पूर्वी कधी उडाली नसेल. एक तांबडी मांडवातूनच गोठ्याकडे गेली, जाताना तिने माझी पगडी शिंगाने उडवली आणि एका हत्तीवाल्याला शेणात बसवले. नवरा दिसेना, नवरी दिसेना, जोशीबुवा खोकत मंगलाष्टके म्हणत होते आणि लोक अंदाजाने अक्षता टाकत होते. सूर्याची कोर बुडायच्या आत अंतरपाट खाली आला.

धूळ बसल्यावर देशमुखांनी जहाजाकडे सर्वांचे लक्ष वेधले. "पाह्यलं? गाई, सूर्य अन् जहाज. तिघं एका टायमाले." मग त्यांना काय वाटले कोण जाणे, ते मुके घड्याळ त्यांनी ताटातून उचलले आणि दोन्ही शेजारी धरली. काटे तंतोतंत जुळले होते. जुळणारच, जहाजाचे काटे मी त्या मुक्या घड्याळावरूनच लावले होते.

"हे बी सुधरलं," देशमुख म्हणाले आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने मुलाच्या छातीवर लावले. "जहाजाच्या संगतीनं."

पाटलांनी डोळे पुसले. मला एक गोष्ट सांगायची फार इच्छा झाली होती, ती मी जिलबीबरोबर गिळली.

सकाळी वरात निघताना रखमा सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापाशी आली. वाकलेली असतानाच, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "काकाजी, तुमी काटा फिरवला, ते मी खोलीतून पाह्यलं."

मी उपरणे सारखे करू लागलो.

"आता तठी रोज कोन फिरवन?"

तिच्या प्रश्नात तक्रार नव्हती. ज्या घरात जन्म काढायचा तिथली वेळ कशी चालते ते तिने एकाच संध्याकाळी ओळखले होते. आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने मी जहाजाला बसलेली ती चावी तिच्या हातात ठेवली आणि काच कशी उघडायची ते चार शब्दांत सांगितले. तिने मूठ मिटली, चावी कनवटीला खोचली आणि छपराच्या बैलगाडीत, दमणीत, जाऊन बसली.

पुणे

परवा अकोल्याचा तो दोन घड्याळांचा गृहस्थ काही कामाने पुण्यास आला आणि दुकानात बसला. मी देशमुखांची खुशाली विचारली.

"मजेत हायेत," तो म्हणाला. "अन् एक नवल झालं. कचेरीची घंटा आता बरोबर जहाजावर वाजते. देशमुख सांगत होते, सरकारनं आखरीले घंटा सुधरवली."

"आणि सून कशी आहे?"

"सून? गरीब पोर हाये. बोलत नाही जास्त. सासऱ्याची पूजा व्हायच्या आधी उठते अन् त्यायची घडी पुसून ठेवते."